मामांची मोटार आणि दीड तासाचा डिले

मामा लाल बटण दाबत होते आणि डबा ऐकत नव्हता.

“केव्हाचा दाबतोय. झोपलाय का रे तुझा डबा?” फोनवर त्यांच्या आवाजामागे मोटारीचा आवाज येत होता, आणि तो नेहमीचा नव्हता. पाणी ओढणारी मोटार जड आवाजात चालते. ही हलकी, कर्कश फिरत होती. विहीर उपसली होती आणि पंप कोरडा चालला होता. “मेन स्विच ओढा,” मी ओरडलो. मामांनी ओढलाही, पण तोवर पंपाचं सील जळालं होतं. सीलचे एकमेकांवर घासणारे भाग थंड राहतात ते पंपातल्या पाण्यामुळंच. पाणी गेलं की खेळ लवकर आटोपतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिलेही अशा वेळी धावून येत नाही, कारण कोरडी मोटार जास्त नव्हे, उलट कमी करंट ओढते. तिच्यावर ओझंच नसतं.

डबा मीच बनवला होता. आत एक आर्डुइनो उनो बोर्ड, स्टार्टरचं कॉइल चालू-बंद करणारा रिले, पाइपात बसवलेला फ्लो सेन्सर, हिरवं आणि लाल अशी दोन बटणं आणि एक दिवा. काम साधं होतं. थ्री फेज आली की दोन मिनिटं थांबायचं, मोटार चालू करायची, दीड तासानं बंद करायची. पाणी येईनासं झालं किंवा कुणी लाल बटण दाबलं, तर मध्येच बंद. टेबलावर तपासताना दीड तास कोण बसणार, म्हणून मी तिथं पाच सेकंद लिहिले होते. पाच सेकंदांत बटण जरा उशिरा ऐकलं गेलं तर कुणाच्या लक्षात येतं? शेतावर नेताना पाचाच्या जागी दीड तास घातला आणि डबा दीड तासासाठी बहिरा झाला.

चूक एका शब्दात होती : डिले.

आर्डुइनो शिकणारा प्रत्येक जण पहिल्याच धड्यात हा शब्द शिकतो. दिवा लाव, हजार मिलिसेकंद डिले, दिवा विझव, पुन्हा डिले. धड्यात एकच दिवा असतो, दुसरं कामच नसतं, त्यामुळे सगळं छान चालतं. डिले म्हणजे ‘थोड्या वेळानं ये’ असं काहीतरी असावं, असा समज तिथंच होतो. प्रत्यक्षात डिले म्हणजे प्रोग्रामनं जागीच उभं राहून एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारणं. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेलं पोर ‘आलं का गाव, आलं का गाव’ करतं ना, तसं. उनोवरची अ‍ॅटमेगा ३२८ पी ही चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालते. दीड तासाचे ८,६४० कोटी ठोके होतात. माझ्या प्रोग्राममध्ये ते सगळे ‘झाला का वेळ?’ विचारण्यात गेले.

यात एक बारकावा आहे. डिले चालू असताना चिप पूर्ण बधिर होत नाही. इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच तोडून येणाऱ्या हाका, चालूच राहतात. फ्लो सेन्सरमधलं छोटं चक्र फिरलं की एक स्पंद येतो आणि तो इंटरप्टवर मोजला जातो. म्हणजे त्या दिवशीही मोजणी बरोबर चालली होती. पाणी संपताच आकडा वाढायचा थांबला होता. तो थांबलेला आकडा बघायला मात्र कुणी मोकळं नव्हतं. मग सगळंच काम इंटरप्टमध्ये करावं का? नाही. इंटरप्टमध्ये काम आटोपशीरच हवं. आकडा एकानं वाढवावा आणि निघावं. तिथं कुणी डिले लिहिलाच तर तो नीट चालत नाही, कारण डिलेला लागणारं घड्याळही इंटरप्टवरच चालतं आणि एक इंटरप्ट चालू असताना दुसऱ्याला दार बंद असतं.

वाट बघणं आणि वाट बघत बसणं यात आपल्या भाषेनं फरक ठेवलाय, आणि या कामात नेमका तोच लागतो. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर एकेका गाडीशेजारी उभा राहत नाही. कुठली गाडी किती वाजता लागली हे तो टिपून ठेवतो, अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, आणि मधल्या वेळात चौकशीला उत्तरं देतो, फलाट पुकारतो, एखाद्या कंडक्टरशी भांडूनही घेतो. प्रोग्रामनंही तसंच वागायचं. काम सुरू झालं की वेळ टिपायची आणि पुढं निघायचं. प्रत्येक फेरीत घड्याळाकडे बघायचं आणि फक्त एक वजाबाकी करायची :

जर (आत्ता − सुरुवात >= मुदत) तर पुढचं पाऊल.

‘आत्ता’ मिळतं मिलिस या फंक्शनकडून. बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, ते मिलिस सांगतं. विचारायला वेळ लागत नाही आणि विचारून लगेच पुढं जाता येतं.

मिलिसच्या पोटात काय चालतं ते एकदा बघण्यासारखं आहे. चिपमध्ये टायमर शून्य नावाचा आठ बिटांचा मोजणीदार असतो. चिपचे ६४ ठोके झाले की तो एकानं पुढं सरकतो, म्हणजे दर ४ मायक्रोसेकंदांनी. २५६ पावलं झाली की तो भरतो, पुन्हा शून्यावर येतो आणि एक इंटरप्ट देतो. २५६ गुणिले ४ म्हणजे १,०२४ मायक्रोसेकंद. मिलिसेकंद तर १,००० मायक्रोसेकंदांचा! वरचे २४ दर वेळी उरतात. ते बाजूला साठवले जातात आणि एक पूर्ण मिलिसेकंद जमला की मिलिसचा आकडा एकदम दोननं पुढं जातो. साधारण दर ४२ मिलिसेकंदांनी असा एक आकडा गाळला जातो. अधिक महिन्याचीच ही युक्ती, फक्त मिलिसेकंदांत. म्हणून तुलना करताना ‘बरोबर’ हे चिन्ह वापरू नये. ‘मिलिस बरोबर ५,००० झालं की दिवा लाव’ असं लिहिलं आणि नेमका तोच आकडा गाळला गेला, किंवा त्या क्षणी प्रोग्राम दुसरीकडे असला, तर दिवा लागायचा नाही. ‘तितकं किंवा त्याहून जास्त’ असंच विचारायचं.

हे समजल्यावर मी जुना प्रोग्राम टाकून दिला. जुना होता पाककृतीसारखा : हे कर, थांब, ते कर, थांब. नव्यात थांबणं कुठंच नाही. डबा कुठल्याही क्षणी चारपैकी एका अवस्थेत असतो : ‘वीज आलीय’, ‘मोटार चालू’, ‘विहीर भरतेय’ किंवा ‘बंद’. इंजिनिअरिंगची पोरं याला स्टेट मशीन म्हणतात आणि परीक्षेत त्याची वर्तुळं काढतात. मला त्याचा उपयोग कळला तो विहिरीवर. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच : आपण कुठल्या अवस्थेत आहोत आणि त्या अवस्थेत कधीपासून आहोत.

प्रत्येक फेरीत सगळ्यात आधी लाल बटण बघायचं. दाबलेलं असेल तर अवस्था ‘बंद’, चर्चा नाही. मग अवस्थेप्रमाणे एकच प्रश्न. ‘वीज आलीय’ असेल तर दोन मिनिटं झाली का? झाली असतील तर रिले ओढायचा, अवस्था ‘मोटार चालू’ करायची आणि नवी वेळ टिपायची. ‘मोटार चालू’ असेल तर पाणी येतंय का, आणि दीड तास भरला का? इथं पहिली ३० सेकंदं पाण्याकडे कानाडोळा करायचा, कारण पाइप भरायलाही वेळ लागतो. तीही तीच वजाबाकी. पाणी थांबलं तर मोटार बंद आणि ‘विहीर भरतेय’. उन्हाळ्यात झरे बारीक झाले की मामांच्या विहिरीला पुन्हा उपसण्याजोगं पाणी जमायला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासानं पुन्हा प्रयत्न, असे तीनदा. नंतर त्या दिवसापुरतं बंद.

अशी एक फेरी मिलिसेकंदाच्या आत संपते. म्हणजे दीड तासाच्या मुदतीत लाल बटणाकडे पन्नास लाखांहून जास्त वेळा बघितलं जातं. मामांचं बोट कितीही चपळ असलं तरी सुटत नाही. उलट आता डबा जरा जास्तच तीक्ष्ण ऐकतो. बटण दाबलं की आतल्या पत्र्याचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि एकाच दाबाचे चार-पाच दाब दिसतात. हिरवं बटण मी ‘एकदा दाबा, चालू, पुन्हा दाबा, बंद’ असं केलं होतं, तिथं स्टार्टरचा कॉन्टॅक्टर धडधड वाजला. उपाय तोच : शेवटचा बदल होऊन ५० मिलिसेकंद झाले असतील तरच दाब खरा मानायचा. दीड तास असो की ५० मिलिसेकंद, लांबीला महत्त्व उरत नाही. त्यामुळे एकाच फेरीत अशा दहा मुदती शेजारी शेजारी चालू शकतात, एकमेकींना न अडवता.

अट एवढीच की फेरीत कुणी ठाण मांडून बसू नये. आणि ठाण मांडणारे नेहमी डिले या नावानं येत नाहीत. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर वापरताना पल्सइन हे फंक्शन लागतं. प्रतिध्वनी आलाच नाही तर ते एक सेकंद वाट बघत बसतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर पूर्ण बारीक मोजणीसाठी ७५० मिलिसेकंद घेतो आणि त्याच्या लायब्ररीला वेगळं सांगितलं नाही तर तेवढा वेळ ती गप्प उभी राहते. तपासणीसाठी संगणकावर ओळीच्या ओळी छापत सुटलं तरी तेच होतं. ९,६०० बॉडच्या वेगाला एका अक्षराला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, आणि छोटासा साठा भरला की छापणारी ओळच थांबते. अडकलेला प्रोग्राम शोधताना मी आता आधी ही तीन दारं ठोठावतो.

नवा प्रोग्राम या वेळी खऱ्या मुदती ठेवून टेबलावर चालवला. दोन मिनिटं झाली, रिले ओढला नाही. पाच मिनिटं झाली, तरी नाही. दोन मिनिटांची मुदत मी २ × ६० × १००० अशी लिहिली होती, वाचायला सोपी म्हणून. या चिपवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि तो ३२,७६७ च्या पुढं जात नाही. गुणाकार १,२०,००० व्हायला हवा होता, तो उतू जाऊन वजा ११,०७२ झाला. आणि ऋण आकडे नसलेल्या ३२ बिटांच्या खणात तोच शिरला तेव्हा ४ अब्ज २९ कोटींच्या पुढचा आकडा बनला. दोन मिनिटांचे जवळजवळ पन्नास दिवस. दीड तासाची गंमत आणखी वेगळी. ९० × ६० × १००० उतू जाऊन उरतात २६,०४८, म्हणजे २६ सेकंद. पन्नास दिवस वाट बघून मोटार २६ सेकंद चालली असती! आकड्यापुढं यूएल ही दोन अक्षरं जोडली की गुणाकार ३२ बिटांत होतो आणि हे टळतं. कंपायलर याबद्दल सूचना देतो, पण सूचना दाखवायची सेटिंग मीच बंद ठेवली होती. ती चालू ठेवा.

आता पन्नास दिवसांचंच बघू. मिलिसचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग पुन्हा शून्य. त्याला लागतात ४९ दिवस, १७ तास आणि वर साधारण ३ मिनिटं. विंडोज ९५ आणि ९८ ही याच ४९.७ दिवसांनी अडकत. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती द्यावी लागली. बोइंग ७८७ विमानांबद्दल अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएनं २०१५ मध्ये आदेश काढला होता, कारण वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रणं स्वतःला बंद करून घेऊ शकत होती. सेकंदाचे शंभर भाग करून मोजणारा, ऋण-धन चिन्हासह ३२ बिटांचा आकडा नेमका तेवढ्याच दिवसांत भरतो.

डब्याला वीज थ्री फेजमधूनच मिळते. मामांच्या गावी ती सलग ४९ दिवस राहिली तर त्याचीच पेपरात बातमी येईल. पण तोच प्रोग्राम थोडा बदलून मी पुण्यात आमच्या सोसायटीच्या टाकीलाही बसवला, आणि तिथं हा दिवस उगवणारच होता. इथं वजाबाकी कामाला येते. घड्याळात अकरा वाजता काम सुरू झालं आणि आता दोन वाजलेत. दोनातून अकरा जात नाहीत, तरी तीन तास झाले हे आपण चटकन सांगतो, कारण बारानंतर एक येतो हे हाडात मुरलंय. ऋण आकडे नसलेली ३२ बिटांची वजाबाकी हेच करते. आकडा शून्यावर आला तरी ‘आत्ता वजा सुरुवात’ बरोबरच येते. तेच वाक्य बेरजेनं लिहिलं, ‘आत्ता >= सुरुवात + मुदत’, तर कागदावर गणित तेच आणि चिपमध्ये घोटाळा. शून्यावर यायला दीड तासापेक्षा कमी उरलेला असताना मोटार सुरू झाली की बेरीज उतू जाऊन बारकी होते, ‘आत्ता’ तिच्याहून मोठाच असतो आणि मोटार सुरू होताच बंद. ‘सुरुवात’ आणि ‘आत्ता’ दोन्ही ऋणरहित लाँगच हवेत, हेही ओघानं आलंच.

गावाकडच्या डब्याचं दुखणं उलटं होतं. वीज मध्येच गेली की मिलिस शून्यावर आणि झालेला एक तास विसरला. म्हणून झालेली मिनिटं ईईप्रॉममध्ये लिहावी लागली. तिथलं वीज गेली तरी पुसलं जात नाही. पण त्या जागेला एक लाख वेळा लिहिण्याची ग्वाही आहे, पुढची नाही. दर सेकंदाला लिहिलं तर सव्वा दिवसात लाख संपतात. मी दर पाच मिनिटांनी लिहितो : दीड तासात १८ वेळा, म्हणजे रोज एकदा शेत भिजवलं तरी १५ वर्षं. जास्तीत जास्त पाच मिनिटांचा हिशेब बुडतो, तो उसाला चालतो.

दोन मिनिटं थांबण्याबद्दलही मत बदललं. वीज आल्याबरोबर सगळ्या ऑटो स्विचच्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते, म्हणून ऑटो काढून टाका असं महावितरण सांगत असतं. मला वाटलं आपण थांबून शहाणपणा करतोय. पण सगळ्यांनीच दोन-दोन मिनिटं थांबलं तर तिसऱ्या मिनिटाला पुन्हा तेच! आता मुदत एक ते पाच मिनिटांत कुठलीही निघते.

पहाटे नेमक्या ४ वाजता पाणी सोडायचं असेल तर मिलिसच्या भरवशावर राहू नये. उनोवर चिपला ठोके देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. दिवसाला सात मिनिटं. त्यासाठी डीएस३२३१ सारखी घड्याळाची वेगळी चिप मिळते, जी वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे होते. बॅटरीवरच्या यंत्रात चिप गाढ झोपवली तर टायमर शून्यही झोपतो आणि मिलिस जागीच थबकतं. तिथं वॉचडॉग हा चिपमधलाच वेगळा टायमर दर आठ सेकंदांनी उठवतो, असे ४५० वेळा उठलं की तास झाला. आणि ईएसपी३२ बोर्डवाले म्हणतील, आमचा डिले कुणाला अडवत नाही. खरंय, तिथं खाली फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि डिले लागला की चिप दुसऱ्या टास्ककडे जाते. पण ज्या टास्कमध्ये डिले लिहिला ती टास्क उभीच राहते. लाल बटण त्याच टास्कमध्ये असेल तर मामांचा फोन येणारच.

राहता राहिली तपासणी. ४९ दिवस कोण बसणार, आणि मुदत कमी करून तपासायचं नाही हे सील देऊन शिकलो होतो. मग मुदतीला हात न लावता घड्याळच पुढं ढकललं. प्रोग्राममध्ये जिथं जिथं मिलिस होतं तिथं माझं ‘आत्ता’ घातलं आणि त्यात ४,२९,४९,०७,२९६ मिळवले. बोर्ड चालू केला की बरोबर एका मिनिटानं आकडा शून्यावर जाणार. सोसायटीचा डबा टेबलावर घेतला, मोटारीच्या जागी बल्ब लावला आणि बसलो. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. बल्ब चालू. साठ. बल्ब चालूच, दीड तासाची मुदत शाबूत. पण साठ होण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात, दर अर्ध्या सेकंदाला शांत लुकलुकणारा डब्यावरचा छोटा दिवा इतक्या वेगानं फडफडला की अर्धवट उजेडासारखा दिसला, आणि मग पुन्हा लुकलुकायला लागला. दिव्याच्या ओळीत मी बेरीज लिहिली होती.